शेठची मानलेली बहीण

माझं माहेर चाकणजवळचंच. नवरा देहूरोडला लष्कराच्या डेपोत हमाल व्हता, तापानं गेला, आन् मी आईकडं परत आले. काय सांगू तुमाला, चाकणच्या बाजारात कांदा निवडायला बसायची, बाबूशेठच्या आडतीवर. त्यांची बायको आधीच गेलेली. आमच्यात पाट लावत्यात, विधवेचं दुसरं लगीन, त्यात लपवायचं काय न्हाई. तर शेठ आईला बोलून गेले व्हते, सुगी झाली की पाट लावू. मी हरखले व्हते, खोटं कशाला बोलू.

मधीच ते लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभे ऱ्हायले. रस्ता, शाळा, दवाखाना, त्याचं कुनी बोललंच न्हाई. समोरच्या पार्टीनं गावोगाव एकच चालवलं, शेठनं बाई ठेवलीया. बाई म्हंजे मी. पाणवठ्यावर बाया माझ्यापासनं घागर बाजूला सारायच्या.

मग शेठ आले, म्हनले, सभेत मला भाऊ म्हनून ओवाळ, तोंडं बंद व्हतील. मी म्हनलं, आन् मग पाट? एकदा भाऊ म्हनल्यावर कसा लावायचा? ते म्हनले, लोक इसरत्यात, निवडून तर येऊ दे. आई म्हनली, ओवाळ बाई, निदान नाव तरी धुऊन निघंल. दोघांनी दोन्हीकडनं धरल्यावर मी काय करनार.

देवळापुढं सभा, कर्णा लावलेला, मानूस मावत नव्हता. मी निरांजन फिरवलं, पन वर बघवलं न्हाई. शेठनं तबकात खण टाकला आन् कर्ण्यावर म्हनले, ही माझी पाठची बहीण. टाळ्या काय, शिट्ट्या काय. समोरच्या पार्टीच्या ज्या पुढाऱ्यानं माझं नाव घेतलं व्हतं, त्यो बी बघायला आलेला, त्यानंच हात जोडले, ताई, चुकलं. मला वाटलं, त्यापरीस शिव्या परवडल्या.

शेठ निवडून आले, चारित्र्याचा मानूस म्हनून. आन् कुनी काय इसरलं न्हाई बघा. वरसाच्या आत त्यांनी जुन्नरकडची पोरगी केली.

आता बाया मला आधी पानी भरू देत्यात, शेठची बहीण म्हनून. त्या मानाचीच लाज वाटती मला. आन् बोलायची सोय न्हाई, बोलले की पुन्ना तीच बाई.

परवा शेठला मुलगा झाला. बारशाचा सांगावा आलाय, लेकराच्या कानात नाव सांगायला आत्या लागती. आत्या म्हंजे मीच की. जाईन, पाळना हालवीन. लेकरानं काय केलंय, शंभर वर्सं जगू दे त्याला. फकस्त त्येला माझ्या हातात दुसऱ्या कुनी द्यावं, शेठनी देऊ नये.