पूल क्रमांक चारशे बारा

मुलगी — नाही बाबा, जास्तीचा एक शब्द बोलायचा नाही. विचारतील तेवढंच. ‘तपासणी केली, कठडा ठीक होता.’ बस्स.

बाबा — साहेबांच्या डोळ्यांत बघून सांगायचं हे?

मुलगी — खाली बघून सांगा. नाहीतरी चार दिवस तुम्ही खालीच बघताय.

बाबा — तुझा चहा गार झाला.

मुलगी — मरू दे तो चहा. अकराला चौकशी आहे, साडेनऊ इथेच वाजले. नीट ऐका. सिस्टीममध्ये नोंद स्वच्छ आहे. पूल क्रमांक चारशे बारा, कालव्यावरचा लोखंडी पादचारी पूल. चौदा तारखेला तपासणी, कठडा सुस्थितीत, सोबत फोटो. तुटला त्यानंतर तीन आठवड्यांनी. म्हणजे तुम्ही पाहिलात तेव्हा तो चांगला होता.

बाबा — फोटो मागच्या वर्षीचा होता.

मुलगी — हळू बोला!

बाबा — घरात आहे कोण ऐकायला? तुझी आई शिंप्याच्या बायकोपाशी बसायला गेलीय.

मुलगी — तो फोटो मी टाकला, बाबा. फोटोशिवाय नोंद पुढे सरकतच नाही. तुम्ही कागदावर खुणा करून आणायचात, मी ऑफिसात बसून त्या भरायचे. सगळे आपापल्या मोबाईलवरून भरतात, फक्त तुमच्या मी भरायचे. कुणाला कळू दिलं नाही.

बाबा — मला ते जमलंच नाही गं. शहरातल्या प्रत्येक खांबाला, बाकड्याला, गटाराच्या झाकणाला नंबर दिला पालिकेने. चांगलं केलं. पण मी हातोडी मारून बघणारा माणूस. लोखंड आतून खाल्लंय का, ते मला आवाजावरून कळायचं.

मुलगी — मग त्या दिवशी का नाही मारलीत हातोडी?

बाबा — गुडघे. चाळीस पायऱ्या आहेत त्या जिन्याला. खालूनच पाहिलं मी... नाही, आता खोटं कशाला बोलू. खालूनही नाही पाहिलं. बसथांब्यावरूनच मागे फिरलो. म्हटलं, मागच्या वर्षी ठणठणीत होता, वर्षात काय धाड भरतेय त्याला. इकडे महिन्याची यादी थकलेल्या तपासण्यांनी सगळी लाल झालेली, तू रोज मागे लागलेली...

मुलगी — माझ्यावर ढकलू नका!

बाबा — नाही ढकलत. माझंच आहे ते. म्हणून तर सांगून टाकतो म्हणतोय.

मुलगी — सांगा! आणि पोरीने तिच्या लॉगिनवरून जुना फोटो चढवला, तेही सांगा. दीड महिन्यावर तुमची निवृत्ती आलीय, माझी नोकरी अजून पक्कीसुद्धा झालेली नाही. दोघांचं वाटोळं होईल. आणि त्याने शिंपीकाका परत येणार आहेत का?

बाबा — दर वर्षी माझी वर्दी तोच शिवायचा. पोट सुटलं की न विचारता शिवण मोकळी करायचा. म्हणायचा, ‘साहेब, हल्ली कापडच आकसतं फार.’

मुलगी — बाबा... रडू नका ना.

बाबा — इतका हलका माणूस गं तो. त्याच्या वजनाने कठडा तुटला, म्हणजे त्या लोखंडात काही उरलंच नसणार. हातोडी टेकवली असती तरी कळलं असतं.

मुलगी — आणखी एक आहे. काल चौकशीसाठी कागद काढताना मला दिसलं. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं मी.

बाबा — सांग.

मुलगी — त्या पुलाबद्दल तक्रार आली होती. बारा तारखेला. ‘कठडा हलतो, टेकायची भीती वाटते.’ काकांनीच केली होती.

बाबा — त्याने? मग मला कशी नाही कळली?

मुलगी — तुमच्या मोबाईलवर आली होती. तुम्ही तो उघडताय कुठे? आणि मी फक्त तपासण्यांची यादी बघते, तक्रारी वेगळ्या जागी असतात. चौदा तारखेला मी ‘सुस्थितीत’ भरलं आणि सिस्टीमने तक्रार आपोआप बंद करून टाकली. तक्रार आधीची, तपासणी नंतरची, म्हणजे काम झालं असं ती धरते.

बाबा — आणि त्याला काही कळवलं?

मुलगी — मेसेज गेला. ‘आपल्या तक्रारीनुसार प्रत्यक्ष तपासणी केली. कठडा सुस्थितीत आहे.’ खाली तुमचं नाव आणि हुद्दा.

बाबा — माझं नाव.

मुलगी — ते आपोआप येतं, बाबा. सगळ्याच मेसेजना येतं.

(दार उघडून आई आत येते.)

आई — अजून इथेच का दोघं? देवा, बघवत नाही गं ते घर. मशीनखाली कुणाच्या तरी सदऱ्याची अर्धी बाही तशीच आहे. काढायला तिचा हात होत नाही.

बाबा — काय म्हणाली ती?

आई — तुमचंच नाव घेत होती बिचारी. ती त्यांना सांगत होती, त्या पुलावरून जाऊ नका म्हणून. तर म्हणाले, ‘साहेब स्वतः बघून गेलेत, मला तसं लेखी कळवलंय. आता कसली भीती?’ दुकानात येईल त्याला तो मेसेज दाखवायचे म्हणे.

मुलगी — आई, पुरे आता.

आई — बोलू दे गं, माझ्या पोटात राहत नाही. ती स्वतःलाच बोल लावत बसलीय. म्हणते, चांगला कठडा तुटेल कसा? यांनाच भोवळ आली असेल, जोरात आदळले असतील. सकाळी आमची थोडी बोलाचाली झाली, मी त्यांना उपाशी पाठवलं. सारखं तेच. मी उपाशी पाठवलं, मी उपाशी पाठवलं.

बाबा — मग तू काय म्हणालीस?

आई — काय म्हणणार? म्हटलं, आमच्या माणसाने तीस वर्षांत हात लावून बघितल्याशिवाय खूण केलेली नाही. कठडा चांगलाच होता, असं तिचा हात हातात घेऊन सांगून आले. का हो? असे काय बघताय? चुकलं का माझं काही?

बाबा — मी गेलो नव्हतो.

आई — कुठे?

बाबा — पुलावर. मी त्या पुलावर गेलोच नव्हतो.

आई — अहो... अहो, मी काय सांगून आले तिला!

मुलगी — बाबा, बसा. बाबा...

बाबा — तुझं नाव मी घेणार नाही.

मुलगी — तुम्ही नका घेऊ. फोटो मी टाकला, ते मीच सांगेन. पण आत्ता कुठे निघालात? चौकशी अकराला आहे.

बाबा — अकराला तिथे जाऊच. आधी तिला सांगून येतो, की उपाशी पाठवलं म्हणून काही झालेलं नाही.