समुद्राच्या कडेचा रस्ता

हसू नका, पण युरोपात सायकलवर भटकायचं खूळ आमच्याही डोक्यात होतं. लढाई नुकतीच संपली होती. कडावचा किसन, माझा शाळेपासूनचा दोस्त, पलटणीतून इटलीला लढून परत आला होता. माझ्या वडलांची कर्जतला भाताची गिरणी, त्यामुळे बोटीच्या भाड्याची काळजी नव्हती. वाट दाखवणार किसन. फक्त इटलीतला रस्ता ठरत नव्हता.

तो म्हणायचा, "समुद्राच्या कडंनं जाऊ." मला हवा होता डोंगराचा रस्ता, कारण तिथल्या द्राक्षांच्या मळ्यांचं वर्णन त्यानंच केलेलं.

एका संध्याकाळी आम्ही सायकलींवर कडावला निघालो होतो. वाटेत नदीकाठी मसणवटा लागला. मेलेल्यांचा मान म्हणून तिथून कोणी सायकलवर बसून जात नसे, म्हणून आम्हीही उतरून चालायला लागलो. मी पुन्हा तेच काढलं. "किसन, बोरघाट हसत चढतोस तू. मग तिथल्या डोंगराला का भितोस?"

"चढाला कोण भितंय रं?"

"मग?"

तो थांबला. "आत्ता इथं का उतरलास?"

"मसणवटा आहे म्हणून."

"त्या रस्त्याला वळणावळणावर आमी आपल्या पलटणीतली पोरं जाळली. मंग सायकलवर बसायचं कुठं?"

मसणवटा मागं पडला, तरी कडाव येईपर्यंत दोघांपैकी कोणीच सायकलवर बसलं नाही. नंतर समुद्राच्या रस्त्याचंही नाव मी काढलं नाही, आणि जाणं राहूनच गेलं. काढायला हवं होतं. त्याला जायचं होतं.