पोथीचा जुना पुठ्ठा

अगं, परवा माझी काय धांदल उडाली! आमची जुनी पोथी बघायला विद्यापीठातल्या मॅडम येणार, म्हणून मी तिचा कुजका पुठ्ठा काढून टाकला आणि छान प्लास्टिकचं कव्हर घातलं.

मॅडम आल्या आल्या म्हणाल्या, "ताई, जुना पुठ्ठा कुठे आहे?"

मी चुलीकडे धावले. सासूबाई तो पेटवणारच होत्या! मी हातातून ओढूनच आणला. मॅडमनी हळूच कडा उचलली, तर आत चिकटवलेले मोडी लिपीतले कागद! मॅडमनी वाचलं, तर त्यांत आमच्या गावच्या तलावाचं पाणी कुणाच्या शेताला कधी, त्या पाळ्या लिहिलेल्या!

"ताई, ही पोथी पुष्कळ घरांत सापडते. हे कागद कुठेच नाहीत!"

सासूबाई मागून म्हणाल्या, "मंग पोथी टाकू का वो चुलीत? पानी तर तापूनच नाही राहिलं!"