नाकारलेला अर्ज, एक

बसा, बसा. उठू नका कोणी. मी काही साहेब-बिहेब न्हाई.

जोशीकाकू, तुम्हाला नमस्कार. जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार.

सभा चालवणाऱ्या सरांनी आत्ता माईकवर सांगितलं, ‘यानंतर एक भगिनी दोन शब्द बोलतील.’ नाव सांगितलं न्हाई. त्यांची चूक न्हाई त्यात. मीच म्हटलं होतं, सर, नाव घेऊ नका, हिंमत झाली तर मीच सांगंन. तुमच्यातल्या बायका मला वळखतात. बसस्टँडच्या मागं शिलाईचं दुकान हाय माझं. दुकानावर पाटी न्हाई, म्हणून सगळ्या मला बिनपाटीवाली ताई म्हणतात. पाटी कामून लावली न्हाई ते मात्र आजपर्यंत कोणी विचारलं न्हाई. बरंच झालं.

मला भाषण येत न्हाई. त्यात समोर जोशी साहेबांचा फोटो. साहेब कोणालाच नीट बोलू द्यायचे न्हाईत. दोन वाक्यं झाली की म्हणायचे, ‘मुद्द्यावर या.’ आज ते म्हणणार न्हाईत. म्हणून जीभ जड झाली हो. कोणी तरी म्हणा मला, मुद्द्यावर या म्हणून.

तर मुद्द्यावर येते.

माझ्या आधी सगळे लई चांगलं बोलले. साहेब पंचायत समितीच्या कचेरीत होते, कित्येक वर्षं माहिती अधिकारी होते, वक्तशीर होते, कडक होते. सगळं खरं. पण मी मागं बसले होते ना, तिथं दोघं जण कुजबुज करून राहिले होते. ‘माणूस चांगला होता, पण शेवटी शेवटी त्या एका प्रकरणात हात ओले झालेच म्हणं.’

कोण बोललं ते सांगत न्हाई. घाबरू नका. पण त्या प्रकरणावरच बोलायला मी आले हाय. कारण ते प्रकरण म्हणजे मी.

काकूंना विचारून आले. लातूरला नर्सिंग शिकून राहिली माझी लेक, तिलाही विचारून आले. यातली थोडी माहिती त्या दोघींचीही हाय, आन् विचारल्याशिवाय दुसऱ्याची माहिती द्यायची न्हाई, हे मला साहेबांनीच शिकवलं.

साहेबांची एक सवय तुम्हाला सगळ्यांना ठाऊक हाय. हसा, हसा, साहेबांनाही आवडलं असतं. माहितीच्या अधिकाराचे किती अर्ज आले, कितींना माहिती दिली, कितींना नाकारली आन् कशापायी नाकारली, याचा अहवाल दरवर्षी कचेरीला वर पाठवावा लागतो. कायदाच हाय तसा. सगळे पाठवतात आन् मोकळे होतात. आपले साहेब काय करायचे? पाठवला की पुढच्या बाजाराच्या दिवशी कचेरीच्या पायरीवर उभे राहायचे आन् तोच अहवाल मोठ्यानं वाचायचे. ‘वर कळवलं ते खालच्यांना नको का कळायला?’ असं म्हणायचे.

कोण ऐकत होतं हो? इकडं साहेब म्हणायचे, ‘प्राप्त अर्ज,’ आन् तिकडून आवाज यायचा, ‘घ्या मेथी, घ्या ताजी मेथी!’ मिरचीवाली मावशी तर एकदा म्हणाली, ‘साहेब, जरा सरका, माझं गिऱ्हाईक दिसंना.’ साहेब सरकले. पण वाचायचे थांबले न्हाईत. शेवटच्या ओळीवर आले की आवाज चढवायचे. ‘नाकारलेले अर्ज, निरंक!’ म्हणजे एकही न्हाई. त्याचा लई अभिमान होता त्यांना.

आता माझं सांगते.

मी धर्माबादकडची. लग्न करून दिलं तिकडंच एका चांगल्या घरात. घर चांगलं होतं, माणूस न्हाई. काय काय झालं ते आज सांगत न्हाई, साहेबांच्या शोकसभेत त्या माणसाची गोष्ट कशाला? एवढंच सांगते की तिथं राहिले असते तर आज इथं उभी नसते. लेक कडेवर होती. मी निघाले. दूर या तालुक्यातल्या एका खेड्यात मावसबहिणीच्या आसऱ्यानं राहिले. दहावी झाली होती, हातात सुई होती. पंचायत समितीकडून शिलाई मशीन मिळाली. मशीन वाटपाचा फोटो निघाला, कोणी तरी तो मोबाईलवर फिरवला, आन् फिरत फिरत तो फोटो नको त्या माणसाच्या हातात गेला.

तालुका कळला त्याला. गाव कळलं न्हाई, घर कळलं न्हाई. मंग त्यानं काय केलं? साधा, सरळ, कायद्याचा अर्ज केला. अमुक नावाच्या बाईला मशीन मिळाली का? कोणत्या नियमात? तिचा आजचा पूर्ण पत्ता काय? वरून पाहावं तर कोणाला वाटंल, केवढा जागरूक माणूस!

साहेबांना माझ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. पण एखाद्याची खासगी माहिती कोणी मागितली, तर आधी त्या माणसाला नोटीस देऊन विचारावं लागतं, तुमची हरकत हाय का म्हणून. साहेबांनी नोटीस काढली. आमच्या गल्लीला ना नंबर ना नाव, म्हणून स्वतःच स्कूटरवर घेऊन आले. मी दारात तांदूळ निवडत होते. म्हणाले, ‘ताई, ही वाचा, हरकत असंल तर लिहा, नसंल तर सही करा.’

मी वाचली. अर्जदाराचं नाव वाचलं आन् हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ सगळीकडं. साहेब म्हणाले, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘साहेब, याला कळलं का मी कुठं हाय?’ ते म्हणाले, ‘छे, छे. तुमचं म्हणणं आल्याशिवाय मी काहीच देत नसतो.’

पण मी कागद पूर्ण वाचला होता. सगळ्यात खाली, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. मी त्यावर बोट ठेवलं.

‘प्रत : अर्जदार, माहितीस्तव.’

कचेरीत काम केलेली मंडळी इथं हायत. तुम्हाला ठाऊक हाय ही ओळ. प्रत्येक पत्राखाली असते. हाताला सवय असते, टाइप होते, सही होते, पाकिटात जाते. वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण त्या नोटिशीवर वर माझं नाव होतं आन् नावाखाली माझा पूर्ण पत्ता. गाव, गल्ली, मावसबहिणीच्या नवऱ्याचं नाव, सगळं. आन् त्याची प्रत सकाळीच टपालात पडली होती. अर्जदाराला. माहितीस्तव.

साहेबांचा चेहरा मी कधी विसरणार न्हाई. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या फायलीतल्या चुका काढल्या, त्याच्याच सहीचा तो कागद होता. त्यांनी ‘क्लार्कची चूक’ म्हटलं न्हाई. ‘टायपिंगची चूक’ म्हटलं न्हाई. म्हणाले, ‘ताई, माझ्या हातून चूक झाली. बसा स्कूटरवर.’

लेकीला मावसबहिणीकडं दिलं आन् बसले. ती स्कूटर कशी चालत होती ते तुम्ही पाहिलंय. त्या दिवशी ती पळाली. खड्डा न्हाई पाहिला, गतिरोधक न्हाई पाहिला. पोस्टात पोचलो तर थैली बांधून तयार, टपालाची गाडी दारात उभी. साहेब म्हणाले, ‘आमचं एक पाकीट परत पाहिजे.’ पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले, ‘अर्ज लिहा.’

आता हसू येतं. तेव्हा मी त्या थैलीवरून नजर काढली नव्हती. पोस्टमास्तरांनी कधी तरी साहेबांकडं माहिती मागितली होती, तेव्हा साहेबांनी त्यांचा अर्ज तीनदा परत केला होता, नमुन्यात न्हाई म्हणून. आता त्यांची पाळी होती. ‘साहेब, कारण लिहा. ओळखपत्र लावा. फी भरा.’ बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता. साहेबांनी उभ्या उभ्या अर्ज लिहिला, एक ओळ चुकली न्हाई. मास्तरांनी अर्ज वाचला, माझ्याकडं पाहिलं, आन् काय समजायचं ते समजले. स्वतः उठले, थैली सोडली, पाकीट काढून दिलं. देव त्यांचं भलं करो.

साहेब पोस्टाच्या पायरीवर मटकन बसले. पाकीट छातीशी धरलं होतं. म्हणाले, ‘ताई, कायद्यात दोन्ही हाय. सरकारचं उघडं पाहिजे आन् माणसाचं झाकलेलं. मी एकच अर्ध पाठ केलं.’

त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांनो, त्यानंतर साहेब प्रत्येक पत्राची शेवटची ओळ पाहून विचारायचे ना, ‘ही प्रत कोणाला? कशाला?’ तुम्ही त्यांची नक्कल करायचा. करा, जरूर करा. पण ते कुठून आलं ते आता ठाऊक राहू द्या.

मी हरकत लिहून दिली. साहेबांनी पत्ता नाकारला. मशीन कोणत्या नियमात दिली, किती जणींना दिली, ते सगळं त्या माणसाला कळवलं. पत्ता तेवढा न्हाई. तो कचेरीत आला, टेबलावर हात आपटला. ‘माझ्या बायकोचा पत्ता मलाच न्हाई?’ साहेब म्हणाले, ‘बायको तुमची असंल. पत्ता तिचा हाय.’

तो वर अपिलात गेला. तिथंही न्हाईच मिळालं. मंग त्यानं गावभर उठवलं, जोशी साहेबानं पैसे खाल्ले, कोणाला तरी पाठीशी घालून राहिले. आन् आपली माणसं! आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. जो तो म्हणायला लागला, एवढा कडक माणूस, मंग याच अर्जाला कामून नाकारलं? कुठं तरी पाणी मुरतंय.

त्या वर्षीचा अहवाल तयार झाला. वरच्या कचेरीतून फोन आला, एकाच अर्जासाठी कशाला रकाना खराब करता, निकाली म्हणून दाखवा, निरंक लिहा. मी साहेबांना म्हटलं, ‘लिहा की साहेब. तुमचंही नाव राहील, माझाही विषय संपंल.’ साहेब चिडले माझ्यावर. म्हणाले, ‘नाकारलं ते नाकारलं. आज मी लपवलं तर उद्या दुसरी एखादी बाई येईल, तेव्हा सगळे म्हणतील, असं कधी नाकारतच न्हाईत. मंग तिला कोण वाचवणार?’

आन् बाजाराच्या दिवशी पायरीवर उभे राहिले. मी मिरचीवाल्या मावशीच्या मागं तोंडाला पदर लावून उभी होते. साहेब शेवटच्या ओळीवर आले. त्या दिवशी मेथीवालासुद्धा गप्प होता. साहेबांनी आवाज चढवला, नेहमीसारखाच.

‘नाकारलेले अर्ज, एक. कारण : खासगी माहिती.’

गर्दीतून कोणी तरी ओरडलं, ‘कितीला नाकारला, साहेब?’ सगळे हसले. लई हसले. साहेबांनी एक शब्द सांगितला असता, एका बाईच्या जिवासाठी म्हणून, तर त्याच लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आन् आत गेले.

पुढं रिटायर झाले, तोवर मीही खेडं सोडून इथं बसस्टँडमागं आले होते. निरोपाला किती माणसं होती? जी होती ती इथं हायत, त्यांना ठाऊक हाय. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी काकूंच्या शेजारी बसून रडले. घरी गेल्यावर साहेबांना म्हटलं, ‘आता मी सांगते सगळ्यांना. तुमच्या नावाला डाग लागला माझ्यापायी.’ तेव्हा ते काय म्हणाले, काकू? तुम्ही तिथंच होतात, चहा गाळत होतात. म्हणाले, ‘माहिती तुझी हाय. तुला वाटंल तेव्हा दे. माझ्यासाठी म्हणून देऊ नको.’

मंडळी, मी लई वाट पाहिली. आता कोर्टात फारकतीचा निकाल झाला, मी मोकळी झाले. लेक कमावती व्हायला आली. भीती गेली का? न्हाई गेली. आजही मोठा आवाज झाला की मशीनवरचा हात थांबतो. पण काल काकूंना भेटायला गेले, तर साहेबांचा चष्मा टेबलावर तसाच होता, आन् मला वाटलं, आता आपण बोलावं. कोणी मागितलं म्हणून न्हाई. आपल्याला वाटलं म्हणून.

साहेब, तुमच्यासाठी म्हणून देत न्हाई. माझ्यासाठी देते.

माझं नाव चंद्रकला किसनराव शिंदे. नाव माहेरचंच, माहेर धर्माबादकडचं. राहणार इथंच, बसस्टँडच्या मागं. माझ्यापायी कोणी पैसे खाल्ले न्हाईत. माझ्यापायी एका माणसानं सगळ्या बाजाराचं हसू खाल्लं. उद्या माझ्या दुकानावर पाटी लागणार हाय, रंगवायला टाकली. तिच्यावर माझं पूर्ण नाव हाय.

आता सगळ्यांनी उभं राहू या. मघाशी बसा म्हटलं होतं, आता उठा म्हणते. त्या दिवशी पायरीसमोर जे हसले होते त्यांनीही उठा, मी राग धरला न्हाई, साहेबांनीही धरला नव्हता. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. साहेबांनी माझ्यासाठी इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं, आपण त्यांच्यासाठी दोन मिनिटं ठेवू.

साहेब, मी दिलेली माहिती खरी हाय.

प्रत : इथं जमलेल्या सगळ्यांना, माहितीस्तव.