झाडं कोण मोजणार?

सुरतेत आमच्या कतारगाम भागात मालतीताई राहतात, परदेशात वर्षावनांचं शिक्षण घेतलेल्या. त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांना डांगच्या जंगलात नेलं, तेव्हा मीही सोबत गेलो होतो.

मुलांनी घेर मोजायला झाडाला टेप लावताच गावच्या देवकीमावशी आडव्या आल्या. "माप घेऊन गेलेला माणूस मागून कुऱ्हाड घेऊन येतो."

"मावशी, आम्ही जंगल वाचवायला मोजतोय," मालतीताई म्हणाल्या.

"तोही हेच म्हणाला होता."

मावशी अडून बसल्या असत्या, तर मुलांचा अभ्यास तिथंच संपला असता. मालतीताईंनी शांतपणे टेप मावशींना दिला. "मग तुम्ही मोजा. ही मुलं फक्त लिहितील."

मावशींनी दिवसभर झाडं मोजली आणि संध्याकाळी वही मागून कमरेला खोचली. "ही गावात राहील."

एक मुलगी घाबरून म्हणाली, "मग आम्ही काय न्यायचं?"

मालतीताईंनी भाषांतर केलं.

मावशी म्हणाल्या, "शिकायला आलात ना? पाठ करा!"