सख्ख्या भाच्यालाही सोडलं नाही

दि. २४/०७/२०२५

नाव: बेबीनंदा तातेराव हिवाळे, वय ४१ वर्षे, धंदा: शाळेत पोषण आहार शिजवणे, रा. काळेगव्हाण, ता. घनसावंगी, जि. जालना.

मला कोणी बोलावले नसताना मी पती व मुलासह पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती तातेराव, मुलगा संघपाल व मुलगी प्रियदर्शनी यांचेसोबत राहते. पती अंबड ते घनसावंगी जीप चालवतात. गावातील खाजगी माध्यमिक शाळेत मी सात वर्षांपासून पाचवी ते आठवीच्या मुलांचा आहार शिजवते. त्या शाळेचा प्रभारी मुख्याध्यापक राजानंद लिंबाजी मगरे हा माझा सख्खा लहान भाऊ आहे. संघपाल, वय १५ वर्षे, तेथे दहावीत आहे. त्याला जालन्याच्या होस्टेलला घालायचे पतींचे म्हणणे होते. मामा शाळेत आहे म्हणून मीच त्याला गावात ठेवले.

दि. १४ जुलै, सोमवार रोजी जेवणाच्या सुट्टीत संघपाल स्वयंपाकाच्या खोलीत माझ्याजवळ होता. खिचडीचे पातेले एकटीला उतरत नाही, म्हणून तो रोज येतो. पातेले खाली ठेवले तेवढ्यात बाहेर मुलांचा आरडाओरडा झाला. संघपाल माझ्या पुढे पळाला. नवीन खोल्यांच्या जिन्याला कठडा नाही. त्या जिन्याखाली आठवीतला आर्यन पडलेला होता. डोक्यातून रक्त येत होते व हात कोपरातून वाकडा झाला होता. जिन्यावर दहावीतला हरिओम उभा होता. हरिओम हा शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांचा मुलगा आहे. आर्यनने त्याचे नाव वर्गशिक्षकांना सांगितले म्हणून त्याने ढकलले, असे तेथील मुले मोठ्याने म्हणत होती. ढकलताना मी स्वतः पाहिले नाही. संघपालने आर्यनला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेले. त्याचा शर्ट मागून रक्ताने भरला. आर्यनला जालन्याला दाखल केले.

त्याच संध्याकाळी भाऊ आमच्या घरी आला. तो कधी चहाला नाही म्हणत नाही, त्या दिवशी नको म्हणाला. मला म्हणाला, "आक्का, सचिव साहेबांचं पोरगं हाये. त्याचं नाव घेतलं तर माझी मुख्याध्यापकाची मान्यता गेली समज. कुणीतरी म्हणायला पाह्यजे की खेळता खेळता धक्का लागला. संघपाल म्हणला तर मिटून जाईल."

मी म्हणाले, "तो तर माझ्यापाशी होता. त्याचंच नाव कशाला?"

त्यावर तो म्हणाला, "दुसऱ्याच्या लेकराला मी कोणत्या तोंडानं सांगू? हा माझा भाचा हाये. घरातली गोष्ट घरात राहील. पोलीस न्हाई, दाखल्यावर न्हाई, काही न्हाई. मी बसलोय ना तिथं. भरोसा न्हाई का माझ्यावर?"

मी भरोसा आहे असे म्हणाले. पती जीप घेऊन बाहेर होते. आल्यावर त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तुझा भाऊ हाये, तू बघ."

संघपाल तयार नव्हता. तो म्हणाला, "आई, मी तुझ्याजवळ होतो. तुला तर माहीत हाये." मी त्याला सांगितले की मामाने शब्द दिला आहे, मामा आपले वाईट करणार नाही. तो भिंतीला टेकून बसला. मग "बरं" म्हणाला. त्याला मारहाण केली नाही, दम दिला नाही. फक्त सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठाला सर्व मुले मैदानात रांगेत होती. राष्ट्रगीत व प्रतिज्ञा झाल्यावर भावाने संघपालला पुढे बोलावले. संघपाल म्हणाला, "आर्यनला माझा धक्का लागला. माझी चूक झाली." त्याचा आवाज मागे जात नव्हता, म्हणून भावाने त्याला परत मोठ्याने म्हणायला लावले. तो परत म्हणाला. भावाचा हात त्याच्या खांद्यावर होता. हरिओम रांगेतच होता. मी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारातून हे पाहिले.

त्यानंतर मुले संघपालशी बोलेनाशी झाली असे प्रियदर्शनीने मला सांगितले. मी म्हणाले, चार दिवसांत विसरतील.

शनिवारी शाळेत पालकसभा झाली. सभेचा चहा मीच केला. मी कप घेऊन आत गेले तेव्हा सचिव साहेब उभे राहून बोलत होते. ते म्हणाले, आपल्या शाळेत शिस्तीच्या पुढे कोणी नाही, मुख्याध्यापकांनी सख्ख्या भाच्यालाही सोडलं नाही, त्याला शाळेतून काढले आणि पोलिसांना अहवाल दिला, असा निःपक्ष माणूस तालुक्यात मिळणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल व नारळ देऊन भावाचा सत्कार केला. मुलाला शाळेतून काढले हे मला तेथे कळले. पोलिसांना अहवाल दिला हेही तेथेच कळले. मी पहिल्या रांगेपासून चहा देत गेले. भावाने माझ्या हातातून कप घेतला. माझ्याकडे पाहिले नाही. मी सगळ्यांना चहा दिला आणि कप गोळा करून बाहेर आले.  

सत्काराचे फोटो गावच्या ग्रुपवर फिरले. पतींना ते जीपमधल्या प्रवाशांनी दाखवले.

सभा संपल्यावर मी भावाच्या घरी गेले. भावजय प्रीती आत निघून गेली. मी विचारले, "राजानंद, हे काय केलंस?"

तो म्हणाला, "आक्का, समजून घे. माझ्या मनात असं नव्हतं. आर्यनचा बाप तक्रार द्यायला निघाल्ता. मंग शाळेनं अहवाल द्यावाच लागतो."

मी म्हणाले, "मंग खरा द्यायचा."

तो म्हणाला, "खरा कसा देऊ? संघपाल सगळ्या शाळेसमोर बोलून बसला ना."

मी म्हणाले, "तूच बोलायला लावलं."

तो म्हणाला, "मी तुला सांगितलं. त्याला तू सांगितलं."

 मी घरी आले.

अहवालात संघपालने भांडणातून जाणूनबुजून ढकलले असे लिहिले आहे, हे मला सोमवारी आमच्या घरी आलेल्या पोलिसांकडून समजले. खेळताना धक्का लागला एवढेच त्याने म्हटले होते. भांडण कोणी लिहिले हे मला माहीत नाही. अहवालावर सही भावाची आहे. मंगळवारपासून मला स्वयंपाकाला येऊ नको असा निरोप शिपायाकरवी आला आहे.

काल मी व पती जालन्याला दवाखान्यात आर्यनला भेटायला गेलो होतो. त्याची आई नंदाबाई हिने प्रथम आम्हाला आत येऊ दिले नाही. आर्यनने आतून आवाज ओळखून विचारले, "संघपाल दादा आला का?" तेव्हा ती बाजूला झाली. आर्यन आमच्यासमोर म्हणाला की हरिओमने ढकलले व दादाने उचलले. नंदाबाई मला म्हणाली, "बाई, मला शाळेनं तुमच्या पोराचं नाव सांगितलं. माझ्या पोराला तर अजून कुणी विचारलंच न्हाई." पोलिसांनी विचारल्यास आर्यनला बोलू देईन, असे ती म्हणाली. तरी त्याचा जबाब घ्यावा अशी माझी विनंती आहे.

भावाशी माझे शेतीचे, घराचे अथवा इतर कोणतेही भांडण नाही. आई गेल्यानंतर त्याचे लग्न आम्हीच लावून दिले. या घटनेपूर्वी आमच्यात कधी अबोला झालेला नाही. घडल्या प्रकाराबाबत भावाविरुद्ध व संस्थेच्या सचिवांविरुद्ध माझी तक्रार आहे.

संघपाल आता खरे सांगेल का असे विचारल्यावरून सांगते की, आज इकडे येताना जीपमध्ये मी त्याला म्हणाले, आपण ठाण्यात चाललो आहोत, साहेब तुला विचारतील. तो बाहेर पाहत होता. तो म्हणाला, "आई, या वेळी काय बोलायचं? तूच सांग." मी त्याला काही सांगितलेले नाही. तो वडिलांजवळ बाहेर बसला आहे. त्याचा जबाब वडिलांसमक्ष घ्यावा. मी तेव्हा खोलीत थांबणार नाही.

वरील मजकूर महिला पोलीस अंमलदार यांनी मी बोलले तसा संगणकावर घेतला व मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो ऐकला. त्यात कमी अथवा जास्त काही नाही. हे सर्व मी स्वतःच्या मनाने सांगितले आहे, मला कोणी शिकवलेले नाही.

समक्ष
(सही) बेबीनंदा तातेराव हिवाळे