उताणा शेवंड

(दक्षिण स्वीडनमधलं एक तळं, ऑगस्टची सकाळ. होडीत दोघंच : वल्ह्यांवर टोर्गनी, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडांचे पिंजरे वर ओढतेय त्याची शेजारीण मायवूर.)

मायवूर : परत तेच. संध्याकाळी माझ्या अंगणात दर ऑगस्टसारखी माणसं कागदी टोप्या घालून शेवंडांच्या मेजवानीला बसणार, आणि तू एकेकाला उताणा करून बघतोयस.

टोर्गनी : उताणा केला की तो आपल्यासारखा दिसतो.

मायवूर : माझ्यासारखा?

टोर्गनी : तसं नाही गं. आतली मांडणी म्हणतोय मी. याचं हृदय पाठीकडे असतं आणि मज्जातंतूंची मुख्य दोरी पोटाकडून जाते. आपलं उलट. दोरी पाठीत, हृदय पुढे. याला असा उलटा धरला की दोन्ही नकाशे जुळतात. पॅरिसमध्ये एकानं दोनशे वर्षांपूर्वी हे सांगितलं, तर लोक हसले त्याला.

मायवूर : मी नाही हसत. पण याला हाडं कुठायत?

टोर्गनी : नाहीत. हे कवच हाच सांगाडा, बाहेरून घातलेला. तेवढा फरक राहतोच.

मायवूर : मग उलटं कोण झालं? तो की आपण?

टोर्गनी : बहुधा आपण. म्हणजे आपले फार जुने पूर्वज, अळीसारखे काहीतरी. का झाले ते नीट कुणालाच ठाऊक नाही. निदान मला तरी नाही.

मायवूर : कुणीतरी काहीतरी सरळ विचारलं असेल, आणि त्यांनी पाठ फिरवली असेल. तू त्यांच्यावरच गेलायस.

टोर्गनी : हा पिंजरा जड दिसतोय.

मायवूर : बघ, फिरवलीस. काल माल्मोहून लेकीचा फोन होता, आनेलीचा. म्हणाली, सोमवारी घरविक्रीची सही झाली की लगेच ये, लिफ्ट आहे, खोली रंगवून ठेवलीय. आणि म्हणाली, तुझा तो मास्तर निरोप द्यायला येईल तेव्हासुद्धा गोगलगायीवरच बोलेल.

टोर्गनी : आनेली माझ्या वर्गात होती. हुशार मुलगी.

मायवूर : घर गेलं की या तळ्यातले शेवंड धरायचा हक्कही गेला, तो जमिनीबरोबरच जातो. पुढच्या ऑगस्टमध्ये मी माल्मोला, चौथ्या मजल्यावर. म्हटलं, तुला कळावं.

टोर्गनी : कळलंय मला.

मायवूर : कळलंय. वर्षभर तू अंड्यांची टोपली परत करायला येतोस, दारात उभा राहतोस, तोंड उघडतोस, आणि तारामाशाची गोष्ट सांगून जातोस.

टोर्गनी : पण तो खरंच विलक्षण आहे. लहान असताना त्याला डावं-उजवं असतं आपल्यासारखं. मोठा होताना ते सगळं मोडतो आणि पाच बाजूंचा होऊन बसतो.

मायवूर : टोर्गनी.

टोर्गनी : हो. चुकलं.

मायवूर : हा बघ, हा मऊ लागतोय हाताला. आजारी आहे का?

टोर्गनी : नाही, कात टाकलीय त्यानं. सोड त्याला. बाहेरचं कवच काही वाढत नाही, म्हणून वाढायचं तर ते टाकावं लागतं. नवं कडक होईपर्यंत दगडाखाली लपून राहतो. कुणीही येऊन खाऊन जाईल अशी अवस्था असते. अशा वेळी सहसा पिंजऱ्यात येत नाही तो.

मायवूर : मग हा का आला?

टोर्गनी : कुणास ठाऊक. लपून लपून कंटाळला असेल.

मायवूर : वल्ही आत घे.

टोर्गनी : अजून दोन पिंजरे उरलेत.

मायवूर : राहू देत. इथे दार नाही, टोपली नाही, आणि तुला पोहता येत नाही. बोल आता.

टोर्गनी : माझी दक्षिणेकडची खोली रिकामी आहे.

मायवूर : तिथे तर पुस्तकं आहेत. छतापर्यंत.

टोर्गनी : होती. काढली मी. ईस्टरला.

मायवूर : ईस्टरला? मग जूनमध्ये मी कॉफीला आले, तेव्हा स्वयंपाकघरात चुलीपर्यंत जे ढीग होते...

टोर्गनी : तीच ती.

मायवूर : अरे देवा. मी आनेलीला सांगितलं, याचं डोकं ठिकाणावर नाहीसं दिसतंय, ओव्हनमध्ये विश्वकोश ठेवलाय.

टोर्गनी : तू विचारशील असं वाटलं होतं. मग मी सांगितलं असतं.

मायवूर : मी विचारायचं, आणि मग तू सांगायचंस. आणि मी विचारलं नसतं तर?

टोर्गनी : तर मी उरलेली वर्षं थंडच जेवलो असतो.

मायवूर : घर मी विकणारच हं. छप्पर गळतं, आणि एकटीनं बर्फ काढणं आता होत नाही.

टोर्गनी : वीक की. मी घराबद्दल बोलतच नाहीये. मी... तू त्या खोलीत राहावंस, एवढंच. म्हणजे तुला बरं वाटत असेल तर. माल्मोलाही चांगलंच असेल, तिथे नातवंडं आहेत, मी काही...

मायवूर : आता थांब. सांगून झालंय तुझं. नीट सांगितलंस.

टोर्गनी : बरं.

मायवूर : सकाळचं ऊन येतं का त्या खोलीत?

टोर्गनी : थोडं, कोपऱ्यातून. पडदा लावता येईल. आणि पुस्तकं मी लाकडांच्या खोपीत हलवतो, आजच.

मायवूर : खोपीत नको, ओल लागेल. ओव्हन तेवढा मोकळा कर. बाकीच्या ढिगांतून वाट काढीन मी.